हातात आहे तोवरच

पावसाळ्यात आंबोलीला गेला असाल, तर मोठ्या धबधब्यासमोरचं ते वळण तुमच्या डोळ्यांसमोर येईल. जुलैतल्या रविवारी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. बेळगाव, कोल्हापूर, गोव्याकडच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या असतात. टपऱ्यांवर कणसं भाजली जात असतात, भज्यांचा घाणा निघत असतो, भिजून गारठलेली पोरं आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभी असतात. या गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने एक दिवस घरच्यांना घेऊन पाण्याखाली उभं राहावं, गरम भजी खावी, हा त्याचा हक्कच आहे. मला सांगायचं आहे ते सोमवारच्या सकाळबद्दल. ती तुम्ही पाहिलेली नसते, कारण तोवर तुम्ही घरी पोचलेले असता.

सोमवारी सकाळी त्या वळणावरच्या कठड्यावरून खाली दरीत वाकून बघा. करवंदीच्या जाळीत अडकलेले चहाचे ग्लास, पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, क्वार्टरच्या बाटल्या, एखादी तुटलेली चप्पल, लहान बाळाचं वापरलेलं डायपर. रस्त्यावरचं थोडंफार कुणी ना कुणी झाडून घेतं. टपरीवाला आपल्यापुरतं आवरतो, अधूनमधून गावातली माणसं मोहीम काढतात. पण कठड्याच्या पलीकडे झाडू पोचत नाही. तिथून पुढे ते कुणाचंच नसतं.

एकदा पावसाळा सरल्यावर गावातल्या काही मुलांबरोबर मी अशाच एका उतारावर उतरलो होतो. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर झाडाला. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही जेमतेम तीस फूट खाली गेलो आणि चौदा पोती भरली. खाली अजून दरी होती, तिथवर जायची आमची ताकद नव्हती. एका जागी पालापाचोळ्याचा थर हाताने बाजूला केला, तर खाली एक पाकीट मिळालं. चिखल पुसला. रंग थोडा विटला होता, बाकी सगळं जसंच्या तसं. किंमत पाच रुपये, उत्पादनाचा महिना नोव्हेंबर २००९. आतली चंदेरी बाजू अजून चकाकत होती. माझ्याबरोबरचा बारावीतला मुलगा ते उलटसुलट करून बघत म्हणाला, "काका, मी तेव्हा बालवाडीत होतो."

हे असं का होतं ते समजून घ्या. पान पडलं की बुरशी, वाळवी, गांडुळं, जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि पावसाळा-दोन पावसाळ्यांत त्याची माती होते. प्लास्टिक त्यांना खाता येत नाही. त्याला थोडंफार मोडतं ते ऊन. उन्हाने प्लास्टिक कडक होतं, तडकतं, त्याचे तुकडे पडतात. पण घाटात, गर्द झाडीखाली, पाल्याच्या थराखाली ऊन पोचतच नाही. म्हणजे उघड्या माळावर पडलेल्या पाकिटापेक्षा जंगलात पडलेलं पाकीट जास्त काळ धड राहतं. आणि तुकडे पडले म्हणजे ते संपलं, असंही नाही. तुकड्याचा कण होतो, कणाचा डोळ्यांना न दिसणारा कण होतो, आणि तो माती-पाण्यातून अन्नात येतो. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २२ निरोगी माणसांचं रक्त तपासलं. त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण निघाले.

किती वर्षं टिकतं हो प्लास्टिक, असं लोक मला विचारतात. कुणी चारशे वर्षं सांगतं, कुणी हजार. हे सगळे अंदाज आहेत, कारण शेवटपर्यंत पाहिलेलं कुणीच नाही. पिशव्या ज्यापासून बनतात ते पॉलिथीन १९३३ मध्ये सापडलं. आपण वापरतो त्या पाण्याच्या बाटलीचं पेटंट १९७३ मधलं. आपल्या खेड्यापाड्यांत पाच रुपयांची पाकिटं टांगली जाऊ लागली, त्याला तर तीस-पस्तीसच वर्षं झाली. पणजोबांनी उघड्यावर टाकलेल्या पत्रावळीची माती झाली, त्या मातीत आपण भाजी पिकवली. आपण टाकलेलं मात्र आपल्या पणतवंडांना उकरून काढावं लागणार आहे.

म्हणून मला एकच गोष्ट सांगायची आहे. कचरा जोवर तुमच्या हातात आहे, तोवरच तो आवरण्यासारखा असतो. हातातून सुटून रस्त्यावर पडला की दुसऱ्या कुणाला तरी वाकावं लागतं. रस्त्यावरून चरात गेला की फावडं लागतं. दरीत गेला की दोर लागतो. व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेला की कुणाचाच इलाज चालत नाही. आणि गाईच्या पोटात गेला, तर सुरी लागते.

ही शेवटची गोष्ट मी पाहिलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गावाच्या वेशीवर, हायवेला लागून, जिथे येणारे-जाणारे गाडीतून पिशव्या भिरकावतात, तिथे एक गाय नेहमी चरायची. हळूहळू तिने चारा सोडला. पोट फुगलेलं आणि अंगावर बरगड्या दिसायला लागलेल्या. मालकाला वाटलं गाभण असेल. गुरांच्या डॉक्टरांनी डाव्या कुशीवर हात दाबून बघितला आणि ते काही न बोलता साहित्य आणायला गेले. गाईला उभीच ठेवून, भूल देऊन, डाव्या कुशीला छेद घेतला आणि कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात हात घातला. बाहेर येत होता तो पिशव्यांचा दोरखंडच होता. पिशवीत पिशवी गुंतलेली, पीळ बसलेला, शेणाच्या रंगाचा, असह्य वासाचा. त्यात सुतळी होती, एक हातमोजा होता आणि दोन पिशव्या अशा होत्या की त्यांच्या गाठी तशाच होत्या. वीस किलोंच्या वर भरलं ते सगळं.

त्या गाठीच मला विसरता येत नाहीत. आपण प्रवासात उरलेली पोळी-भाजी पिशवीत घालतो, सांडू नये म्हणून घट्ट गाठ मारतो आणि रस्त्याच्या कडेला ठेवून देतो. कुणाच्या तरी मुखात जाईल, असंही मनात असतं. गाईला वास येतो, गाठ मात्र सोडवता येत नाही. गाय ओठांनी निवडून खाणारी नाही. ती जिभेने ओढून घेते, आधी गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. पिशवी एकदा कोठीपोटात गेली की पुढे सरकत नाही आणि मागेही येत नाही. तिथे जागा अडते, भूक मरते, गाय भरल्या पोटी उपाशी राहते. पिशवीबरोबर एखादी तार किंवा खिळा गेला तर तो जाळीपोटात, म्हणजे पुढच्या लहान कप्प्यात बसतो. जाळीपोट आणि काळीज यांच्यामध्ये फारसं अंतर नसतं, तार आरपार होऊन काळजापर्यंत पोचते. ती गाय वाचली. सगळ्या वाचत नाहीत, आणि ऑपरेशन करून घेण्याइतका पैसा प्रत्येक मालकाकडे नसतो.

देवाला वाहिलेल्या फुलांचंही असंच आहे. नदीवरचा पूल आला की गाडी हळू होते, काच खाली जाते, निर्माल्याची पिशवी गाठीसकट पाण्यात. फुलं पाण्यात सोडायची ही जुनी श्रद्धा. पिशवी त्या श्रद्धेत कधीच नव्हती. फुलं घरच्या कुंडीतल्या मातीत घाला, देव रागावणार नाही.

आता घाटातल्या पाण्याकडे वळू. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी डोंगरावरून उतरतं ते रस्त्याच्या कडेच्या चरातून आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांमधून. पावसाळ्याआधी चर आणि मोऱ्या साफ होतात, पण आपण जातो ते जुलै-ऑगस्टमध्ये. चिप्सचं एक पाकीट वाहत येऊन मोरीच्या तोंडाशी आडवं बसतं. त्याला दुसरं चिकटतं, त्यावर पाला बसतो, पाल्यावर गाळ. नुसता पाला असता तर त्यातून पाणी झिरपलं असतं, प्लास्टिक त्याला बूच मारतं. मग पाणी मोरी सोडून रस्त्यावर चढतं, पलीकडची साइडपट्टी खरवडतं आणि डांबराखालची माती घेऊन जातं. घाटात दरड कोसळण्याची, रस्ता खचण्याची कारणं अनेक आहेत, सगळं खापर पाकिटावर फोडणं खरं होणार नाही. पण मोरी तुंबलेल्या जागी रस्त्याची कड कशी पोखरली जाते, ते रस्त्यावर काम करणाऱ्या कुठल्याही मजुराला विचारा. तो बोटाने जागा दाखवेल.

आणि हे पाणी जातं कुठे? आंबोली सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. घाटाच्या पश्चिम उतारावर पडलेलं पाणी सावंतवाडीकडे उतरून अरबी समुद्राला मिळतं. गावाच्या दुसऱ्या अंगाला हिरण्यकेशी उगम पावते आणि पूर्वेकडे निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. एकाच गावात, थोड्याच अंतरावर हातातून सुटलेल्या दोन बाटल्या दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या वाटेला लागू शकतात. वाटेत किती गावं त्या पाण्यावर जगतात, हे नकाशावर बोट फिरवून पाहा.

त्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाजवळच्या पाण्यात, एक छोटा मासा राहतो. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नदीचंच नाव त्याला दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक बेडूकही आहे, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. २००९ मध्ये त्याची ओळख जगाला झाली. वळवाचा पाऊस पडला की जांभ्याच्या कातळावर जे वीतभर पाणी साचतं, त्यात तो अंडी घालतो. ते पाणी आटायच्या आत पिल्लांना बेडूक व्हायचं असतं. त्याचं सगळं वंशसातत्य अशा डबक्यांवर उभं आहे. जगातून नाहीशा होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. गाडी सड्यावर चढवून त्या कातळावर पार्टी करणाऱ्यांना मी पाहिलं आहे. ती माणसं वाईट नव्हती. पायाखालच्या डबक्यात काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता तुम्हाला सांगितलं आहे.

सिगारेटचं थोटूक लोक कचऱ्यात धरतच नाहीत. त्याचा पांढरा फिल्टर कापसासारखा दिसतो, पण तो सेल्युलोज अॅसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्यांचा असतो. त्यात निकोटिन आणि धुरातली विषं मुरलेली असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ओढलेल्या सिगारेटच्या एका थोटकाचा अर्क एक लिटर पाण्यात उतरला की त्यातले निम्मे मासे मेल्याचं दिसलं. कातळावरच्या डबक्यात किती लिटर पाणी असतं, याचा अंदाज तुम्हीच करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळतं तेव्हा तेच थोटूक वणवा लावतं, ते वेगळंच.

"केळ्याची साल तर कुजते ना?" असं नेहमी विचारलं जातं. कुजते. पण त्याआधी माकड येतं. घाटात गाडी थांबवून साल, बिस्किट, उरलेली भजी फेकली की माकडांची टोळी जंगल सोडून कठड्यावर बसायला शिकते. पोरांच्या हातातली पिशवी ओढायला शिकते आणि गाड्यांखाली यायलाही लागते. पिल्लाला पोटाशी घेतलेली माकडीण भर घाटात गाडीखाली गेलेली मी पाहिली आहे, तिच्या बाजूला अर्धं बिस्किट पडलं होतं. खाणं देणं म्हणजे दया, असं आपल्या मनावर लहानपणापासून ठसलं आहे. घाटातल्या माकडाच्या बाबतीत ती दया त्याच्या जिवावर उठते. साल घरी न्या, झाडाच्या बुंध्याशी घाला.

रिकाम्या बाटल्यांचंही तसंच. काच फुटली की गुरांचे आणि गुराख्याचे पाय कापतात, हे सगळ्यांना माहीत आहे. न फुटलेली बाटलीही जीव घेते. तिरक्या पडलेल्या बाटलीच्या तळाशी उरलेल्या गोड वासाने किडे, चिचुंद्र्या आत शिरतात आणि निसरड्या काचेवरून त्यांना परत चढता येत नाही. चहाचे ग्लास, शहाळ्याच्या कवट्या, फेकलेले टायर यांत पाणी साचतं आणि त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, पुढच्या पावसाची वाट बघत.

कायद्याचं म्हणाल, तर कायदा आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या बंद झाल्या. तरी चिप्सचं पाकीट आणि पाण्याची बाटली दुकानात आहेच, आणि ती तुमच्या हातून कुठे जावी हे पाहायला प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही.

"कचराकुंडीच नव्हती, काय करणार?" हेही मी शेकडो वेळा ऐकलं आहे. घाटात कुंडी ठेवून पाहिली की काय होतं, ते सांगतो. दुपारपर्यंत ती भरते, संध्याकाळपर्यंत माकडं ती उलथतात आणि रात्रीच्या पावसात सगळं दरीत. घाटाला कुंडी मानवत नाही. कुंडी तुमच्या गाडीत हवी.

कसं करायचं, ते सांगतो. निघताना दोन पिशव्या घ्या, जुन्या कापडाच्या किंवा घरात पडलेल्या तांदळाच्या. एक ड्रायव्हरच्या सीटच्या मागे अडकवा, तीत सुकं टाका. दुसरी पायाशी ठेवा, तीत उष्टं, साली, ओलं. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून तिसऱ्या लहान पिशवीत. दुचाकीवर असाल तर डिकीत एक पिशवी पुरते. सिगारेट ओढत असाल तर रिकामी काड्यापेटी खिशात ठेवा. घरून पाण्याचा कॅन आणि स्टीलचे पेले घेतलेत तर निम्मा कचरा तयारच होत नाही. आपल्या आज्या कोकणातून एसटीने मुंबईला जाताना फिरकीच्या तांब्यातूनच पाणी नेत होत्या आणि वाटेत त्यांचं काही अडलं नव्हतं.

घरी पोचल्यावर सुकी पिशवी घंटागाडीत सुक्या कचऱ्यात रिकामी करा. बाटल्यांना भंगारात किंमत आहे, त्या कुणीतरी उचलतं. चंदेरी पाकिटांना किंमत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकत्र असतो आणि ते वेगळे करणं परवडत नाही. कचरा वेचणाऱ्या बायका बाटली उचलतात आणि पाकीट तिथेच ठेवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. म्हणून बाटलीपेक्षा पाकिटाची काळजी जास्त घ्या. पाकीट उघडताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण फाडून वेगळा करू नका, तो चिमूटभर तुकडा वाऱ्याने जातो आणि पुन्हा कधीच कुणाला सापडत नाही.

हे जमणारं काम आहे, हे पाहायला फार लांब जायला नको. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून पुढे गेलात की वेंगुर्ला लागतं. त्या छोट्या नगरपालिकेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघरी कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. जिथे कचऱ्याचा डोंगर होता, तिथे आता बाग आहे आणि बाहेरगावची माणसं ती बघायला येतात. तिथलं पातळ प्लास्टिक दळून रस्त्याच्या डांबरात गेलं. नगरपालिकेने गाडी पाठवली, हे खरं. पण प्रत्येक घरातल्या बाईने, बाप्याने रोज उठून ओलं आणि सुकं वेगळं केलं, त्यामुळे ते उभं राहिलं.

टपरीवाल्या दादा-वहिनींनाही माझी विनंती आहे. ग्लास आणि द्रोण परत घेण्यासाठी काउंटरवरच एक पिंप ठेवा, गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल असं, आणि संध्याकाळी ते झाकून गावात न्या. सहली काढणाऱ्या शिक्षकांनी निघताना मुलांची हजेरी घेतात तशी पाकिटांचीही घ्यावी. किती वाटली, किती परत आली. मुलं हा हिशेब चोख ठेवतात, मोठ्यांपेक्षा चोख.

दुसरा कुणी टाकताना दिसला तर काय करायचं? भांडू नका, व्हिडिओ काढू नका. भांडणाने माणूस हट्टाला पेटतो आणि पुढच्या वळणावर मुद्दाम टाकतो. मी जवळ जातो आणि म्हणतो, "दादा, ते माझ्याकडे द्या, माझ्या गाडीत पिशवी आहे." बहुतेक वेळा माणूस ओशाळतो, स्वतःच वाकून उचलतो आणि म्हणतो, "राहू दे काका, आमच्याच गाडीत ठेवतो." परवा एका गाडीतल्या सात-आठ वर्षांच्या मुलीने खिडकीतून विचारलं, "तुमची पिशवी बघू?" दाखवली. तिने आपल्या आईच्या पर्समधली कापडी पिशवी काढायला लावली, ती सीटला अडकवली आणि भावाच्या हातातली बाटली काढून घेतली. बाटली फुगीर होती, पिशवीत मावेना. तिला दाखवलं, झाकण काढायचं, बाटली पायाखाली दाबून चपटी करायची आणि झाकण पुन्हा घट्ट लावायचं. म्हणजे ती परत फुगत नाही, आणि एका पिशवीत दहा मावतात.